पोर्ट ७५४७ : सीमाभागातल्या मोडेमचा घटनाक्रम

जुलै २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात कर्नाटकातल्या हजारो घरांतलं ब्रॉडबँड एकाएकी बंद पडलं. बीएसएनएलच्या कर्नाटक सर्कलमधल्या मोडेमना मालवेअरने गाठलं होतं. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर हा सगळा भाग याच सर्कलमध्ये येतो. बातम्यांत साठ हजारांवर मोडेमचा आकडा आला, कंपनीच्या अध्यक्षांनी दोन हजारांच्या आसपास सांगितला. आकड्यांत एवढं अंतर, पण कारण मात्र सगळीकडे एकच छापून आलं : ग्राहकांनी मोडेमचा मूळ पासवर्ड बदलला नव्हता.

हे कारण खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि जे अर्धं वगळलं गेलं ते जास्त वजनाचं आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी बोलता यावं म्हणून निपाणीतल्या म्हाताऱ्या आईबापांनी घेतलेली जोडणी बंद पडते, आणि वर चूकही त्यांचीच ठरते, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. दोष कुणाचा हे ठरवायचं तर घड्याळ मागे न्यावं लागेल. खालच्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. शून्य धरला आहे मंगळवार, २५ जुलै २०१७. दिल्लीत रामनाथ कोविंदांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली तो हा दिवस.

बारा वर्षं आधी

मोडेमच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो मोडेमच्या कंपनीने स्वतः बसून लिहिलेला असतोच असं नाही. चिप बनवणारा एक, चिपबरोबर तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा देणारा तोच किंवा दुसरा, डबा जोडणारा तिसरा, त्यावर आपलं नाव छापणारा चौथा आणि तो डबा घरी आणून देणारी टेलिफोन कंपनी पाचवी.

या साखळीत काय होतं याचं उदाहरण रॉमपेजर नावाच्या लहानशा वेब सर्व्हरचं आहे. लाखो मोडेममध्ये तो बसवलेला होता. त्यातली एक गंभीर चूक मूळ कंपनीने २००५ मध्येच दुरुस्त केली. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने पाहणी केली, तेव्हा १८९ देशांतली किमान १ कोटी २० लाख उपकरणं अजूनही जुन्या, चुकीच्याच आवृत्तीवर चालत होती. दुरुस्ती झाली होती, पण ती साखळीतून खाली उतरलीच नव्हती. त्या मोडेमच्या मालकांनी पासवर्ड बदलला असता तरी काही फरक पडला नसता, कारण ही चूक पासवर्ड विचारण्याच्या आधीच आत सोडत होती.

सगळ्याच्या आधी, घरात

त्या काळात बेळगावच्या शहापूर-वडगावात काय किंवा निपाणीच्या कुठल्याही गल्लीत काय, एडीएसएलची जोडणी एकाच पद्धतीने व्हायची. टेलिफोन ऑफिसातून लाईनमन यायचा. फोनच्या वायरीला स्प्लिटर लावायचा, एक तोंड फोनला, एक मोडेमला. लॅपटॉप उघडून १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकायचा. यूजरनेम अॅडमिन, पासवर्ड अॅडमिन. आतल्या पानावर व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे आकडे भरायचे, मग ग्राहकाचं ब्रॉडबँडचं यूजरनेम आणि त्याचा वेगळा पासवर्ड. शेवटी वायफायचा पासवर्ड ठेवायचा, तो बहुतेक वेळा घरचा फोन नंबरच. 'इंटरनेट' लिहिलेला दिवा हिरवा झाला की काम संपलं. मोडेम टीव्हीच्या शोकेसवर जायचा, त्यावर विणलेला रुमाल यायचा.

या सगळ्यात घरच्यांच्या हातात आला तो फक्त वायफायचा पासवर्ड. 'पासवर्ड' म्हणजे त्यांच्या लेखी तोच. मोडेमला स्वतःचा आणखी एक पासवर्ड आहे, तो सगळ्या गावात सारखाच आहे आणि तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेला आहे, हे किती जणांना सांगितलं गेलं? आणि ज्यांनी कुतूहलाने ते पान उघडलं, त्यांना तिथे काय दिसायचं? 'फायरवॉल : एनेबल्ड.' माणूस निश्चिंत व्हायचा.

घरगुती फायरवॉलबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ती फायरवॉल मोडेमच्या मागच्या कॉम्प्युटरांना सांभाळते. मोडेम स्वतः मात्र तिच्या बाहेर, रस्त्यावर उभा असतो. दुरून आज्ञा देण्यासाठी असलेल्या टेलनेटचा पोर्ट २३, वेब पानाचा पोर्ट ८० आणि कंपनीला दुरून मोडेमची व्यवस्था लावता यावी म्हणून ठेवलेला पोर्ट ७५४७. ही मोडेमची स्वतःची दारं. ती बाहेरून बंद आहेत की नाहीत हे फायरवॉलच्या पानावर कळत नाही. त्यासाठी 'अॅक्सेस मॅनेजमेंट' नावाच्या वेगळ्याच पानावर 'एसीएल', म्हणजे बाहेरून कुणाला आत घ्यायचं याची यादी, शोधावी लागते, आणि अनेक मोडेमवर ती मुळात निष्क्रिय असायची. फायरवॉल हिरवी आणि दार उघडं, असा हा प्रकार.

३५८ दिवस आधी : सोमवार, १ ऑगस्ट २०१६

सकाळी ७ वाजून १२ मिनिटं. अमेरिकेतल्या एका सर्व्हरवरून इंटरनेटभर चाचपणी सुरू होते. जगातल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन टेलनेटचं दार वाजवायचं आणि उघडं असेल तर ठरलेल्या जोड्यांपैकी यूजरनेम-पासवर्ड लावून पाहायचा. ९ वाजून २९ मिनिटांनी ही चाचपणी थांबते.

१० वाजून ७ मिनिटं. ताबा घेतलेल्या उपकरणांचं मिराई नावाचं जाळं जागं होतं. पहिल्या मिनिटात ८३४ उपकरणं दुसऱ्यांची दारं वाजवू लागतात. पहिल्या १० मिनिटांत ११ हजार. सुरुवातीला हा आकडा दर ७५ मिनिटांनी दुप्पट होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे २० तासांत, ६४ हजार ५०० उपकरणं. कॅमेरे, डीव्हीआर, घरगुती राउटर. यातलं एकही बंद पडलेलं नव्हतं, त्यामुळे मालकाला संशय यायचं कारणच नव्हतं. त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी बसेससकट वाहून गेला आणि पुढचे कित्येक दिवस आपल्या सगळ्यांचं लक्ष त्या नदीकडे होतं. ते तसंच असायला हवं होतं. दुसरीकडे काय चाललंय ते पाहणं ज्यांचं काम होतं, त्यांच्याबद्दल मात्र असं म्हणता येत नाही.

मिराईकडे होत्या फक्त ६२ जोड्या. त्या फोडून काढलेल्या नव्हत्या, कारखान्यातूनच आल्या होत्या. काही डीव्हीआरमध्ये तर टेलनेटचा पासवर्ड फर्मवेअरमध्ये गाडलेला होता. मालकाने वेब पानावर जाऊन पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा जुनाच राहायचा. 'पासवर्ड बदला' हा सल्ला त्या माणसाने तंतोतंत पाळला असता तरी तो उघडाच राहिला असता.

३०७ दिवस आधी : २१ सप्टेंबर २०१६, पहाट

सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे अमेरिकी पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांच्या संकेतस्थळावर मिराईच्या जाळ्यातून सेकंदाला ६२० गिगाबिटचा मारा. सप्टेंबर संपता संपता मिराईचा मूळ कोड कुणीतरी सगळ्यांसाठी खुला करून टाकला. इथून पुढे जाळं एकाचं राहिलं नाही.

२७७ दिवस आधी : शुक्रवार, २१ ऑक्टोबर २०१६

दुपारी ४ वाजून ४० मिनिटं. डाइन या अमेरिकी कंपनीवर मिराईचा हल्ला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून द्यायचा हे तिचं काम. ती अडली की संकेतस्थळ धडधाकट असूनही सापडत नाही.

संध्याकाळी ६.५०. पहिली लाट ओसरते.

रात्री ९.२०. दुसरी लाट. ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय, गिटहब अनेकांना उघडेनात. पहाटे दोनच्या सुमारास सगळं निवळतं.

डाइनच्या अंदाजाने हल्ल्यात एक लाखापर्यंत उपकरणं होती. भारतात दिवाळीची लगबग सुरू झाली होती. पण या दिवशी जगातल्या प्रत्येक टेलिफोन कंपनीला एक गोष्ट कळलेली होती : घराघरांतले हे डबे बाहेरून कुणालाही वापरता येतात. इथून शून्यापर्यंत नऊ महिने होते.

२६० दिवस आधी : ७ नोव्हेंबर २०१६

आयर्लंडमधल्या एका मोडेमबद्दल एक संशोधक माहिती उघड करतो. पोर्ट ७५४७ वरून मोडेमला 'तुझं घड्याळ अमुक सर्व्हरवरून लाव' असा निरोप पाठवता येतो. सर्व्हरच्या नावाच्या जागी आज्ञा लिहिली, तर मोडेम ती आज्ञा पाळतो. पासवर्डचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला आपल्याकडे नोटाबंदी जाहीर झाली. त्यानंतरचे आठवडे बँकेच्या रांगेत गेले, आणि ज्यांच्याकडे नेट होतं त्यांना 'ऑनलाईन करा' असं सांगितलं जाऊ लागलं. सीमाभागातल्या तंबाखूच्या वखारी, किराणा दुकानं, पतसंस्था याच दिवसांत त्या मोडेमवर जास्त विसंबू लागल्या.

२४० दिवस आधी : रविवार, २७ नोव्हेंबर २०१६

जर्मनीत दुपार, आपल्याकडे संध्याकाळ कलू लागलेली. मिराईची नवी आवृत्ती तीच घड्याळाची युक्ती घेऊन पोर्ट ७५४७ वर फिरते आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट, फोन, टीव्ही कोलमडतं.

पुढे एक विलक्षण गोष्ट उघड झाली. त्या जर्मन राउटरमध्ये हा किडा शिरूच शकत नव्हता, कारण आतली यंत्रणा वेगळी होती. पण दारावर इतक्या थापा पडल्या की फर्मवेअर गुदमरलं आणि राउटर बंद पडला. म्हणजे चोर आत न येताही घर पडलं. फर्मवेअर सुरक्षित असणं वेगळं आणि भरवशाचं असणं वेगळं, हे इतकं स्पष्ट करणारी दुसरी घटना मला माहीत नाही.

जिथे किडा शिरायचा तिथे तो मोडेमच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचा आणि शिरल्याबरोबर आपल्यामागे ७५४७ चं दार लावून घ्यायचा, दुसरा कुणी येऊ नये म्हणून. मोडेम बंद करून चालू केला की तो पुसला जायचा. म्हणून 'स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा' हा कस्टमर केअरचा मंत्र खरंच लागू पडायचा. पण दार पुन्हा उघडायचं आणि काही मिनिटांत नवा किडा हजर. रोज सकाळी नीट आणि दुपारी बंद, असं ज्यांचं व्हायचं त्यांना वाटायचं लाईनमध्ये पाणी गेलंय. आपल्याकडे पावसाळ्यात लाईनमध्ये पाणी जातंही, त्यामुळे निदान चुकणं अगदी साहजिक.

जर्मनीत दुसऱ्याच दिवशी नवं फर्मवेअर उपलब्ध झालं. जगभरच्या कंपन्यांना धडा मिळाला होता : ७५४७ हा पोर्ट आपल्या व्यवस्थापनाच्या सर्व्हरखेरीज कुणालाही दिसता कामा नये. हे काम ग्राहकाच्या घरी जाऊन करावं लागत नाही. कंपनीच्या मुख्य नेटवर्कवर एक नियम लिहिला की सगळ्यांची ती दारं बाहेरच्यांसाठी एकदम बंद होतात.

१२७ दिवस आधी : २० मार्च २०१७

रॅडवेअर ही कंपनी चोरांना भुलवण्यासाठी मुद्दाम उघडी उपकरणं ठेवते. त्यावर चार दिवसांत १,८९५ वेळा एक नवीनच पाहुणा आला. याला उपकरण वापरायचं नव्हतं, मारायचं होतं. त्याला नाव मिळालं ब्रिकरबॉट. बंद पडलेला मोडेम विटेइतकाच उपयोगाचा, म्हणून हे नाव.

त्याची पद्धत रॅडवेअरने आज्ञांसकट नोंदवून ठेवली आहे. ती एका मोडेमवर कशी चालते ते पाहण्यासारखं आहे, कारण या घटनाक्रमातली खरी शेवटची मिनिटं ती आहेत.

टेलनेटचं दार उघडतं, नेहमीचा पासवर्ड लागतो. आत आल्यावर पहिल्यांदा साठवणीच्या चिपचे कप्पे कुठले ते विचारलं जातं. मग प्रत्येक कप्प्यावर निरर्थक, यादृच्छिक आकडे ओतायला सुरुवात होते. फर्मवेअर जिथे कोरलेलं असतं त्या जागेवरच. हे मागे चालू असताना बाहेर जाण्याचा रस्ता पुसला जातो, फायरवॉलचे सगळे नियम काढून एकच नियम लिहिला जातो की इथून बाहेर काहीही जाऊ द्यायचं नाही. एका वेळी एकच काम करता येईल अशी मर्यादा यंत्राच्या गाभ्यावर घातली जाते. उरलेल्या फाइली पुसल्या जातात. शेवटची आज्ञा : रीबूट.

मोडेम बंद होतो आणि चालू व्हायला लागतो. पण आपण कोण हे सांगणारा मजकूरच चिपवर उरलेला नसतो. पॉवरचा दिवा लागतो. बाकीचे लागत नाहीत.

१०६ दिवस आधी : १० एप्रिल २०१७

कॅलिफोर्नियातल्या सिएरा टेल या लहान कंपनीच्या ग्राहकांचे मोडेम बंद पडतात. लोक मोडेम हातात घेऊन कंपनीच्या कार्यालयापुढे रांगा लावतात आणि बदलून देता देता मोडेमचा साठाच संपतो. याच महिन्यात स्वतःला 'जॅनिटर' म्हणवणारा माणूस पुढे येऊन ब्रिकरबॉट आपला असल्याचं सांगतो. त्याचं म्हणणं असं की असुरक्षित उपकरणं मिराईसारख्यांच्या हाती पडण्याआधी मीच ती मारून टाकतो. या कामाला पुढे त्याने इंटरनेटची केमोथेरपी म्हटलं.

या युक्तिवादाला दाद देणारे तज्ज्ञ होते, आजही आहेत. मला तो क्रूर वाटतो. असुरक्षित मोडेम विकणाऱ्याचं त्यात काही गेलं नाही. गेलं ते ज्याला दुसरा मोडेम घेताना महिन्याचा हिशेब पाहावा लागतो त्याचं.

४ दिवस आधी : शुक्रवार, २१ जुलै २०१७

मुंबईत जिओफोनची घोषणा होते. मोबाईल डेटा आधीच स्वस्त झालेला. फोनची वायर घरात ठेवायची की काढून टाकायची हा विचार बेळगाव-निपाणीच्या घराघरांत चालू होता. दुसरीकडे १ जुलैपासून जीएसटी लागू झाला होता आणि तंबाखू-विडीच्या व्यापाऱ्यापासून भांड्याच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांची कामं एका पोर्टलवर आली होती. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच. इंजिनियरिंगच्या पोरांचा निकालही ऑनलाईनच. घरच्या त्या डब्यावर इतका भार कधीच नव्हता.

शून्य : २५ ते २८ जुलै २०१७

मंगळवारपासून तक्रारी सुरू. टेलिफोन ऑफिसात फोनवर फोन. 'तांबडा दिवा लागलाय की ओ', 'डीएसएल आहे बघा, पण नेट येईना', 'सगळे दिवे गेलेत.' तीन तऱ्हेच्या तक्रारी म्हणजे मोडेमच्या तीन अवस्था, पण त्या दिवशी ते कुणाला कळणार? लाईन तपासली तर लाईन ठीक. एक्स्चेंज तपासलं तर एक्स्चेंज ठीक. शेजारच्याचा दुसऱ्या कंपनीचा मोडेम त्याच लाईनवर लावला तर चालतो. मग लाईनमननेही कपाळाला हात लावला असेल तर नवल नाही. हा माणूस खांबावर चढणारा, वायर सांधणारा; चिपवरचा मजकूर पुसला गेलाय हे ओळखण्याचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं नव्हतं आणि शिव्या मात्र त्यानेच खाल्ल्या.

मुंबई आणि दिल्लीत एमटीएनएलचे ग्राहकही याच फेऱ्यात आले. सर्कल कर्नाटकचं की महाराष्ट्राचं, याच्याशी हल्ल्याला कर्तव्य नव्हतं. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात आणि गाव कर्नाटकात, तक्रार कुठे आणि कुठल्या भाषेत करायची हा इथला रोजचा प्रश्न. उघडा पोर्ट शोधणाऱ्याला फक्त आकड्यांतला पत्ता लागतो.

शुक्रवार, २८ जुलै. बातमी देशभर येते. बीएसएनएलचे अध्यक्ष अनुपम श्रीवास्तव सांगतात की ज्यांनी 'अॅडमिन' हा मूळ पासवर्ड बदलला नाही त्यांच्याच मोडेमवर परिणाम झाला आहे, कंपनीचं मुख्य नेटवर्क सुरक्षित आहे, ग्राहकांनी पासवर्ड बदलावेत. त्यानंतर काही दिवसांत जॅनिटर ब्लीपिंगकम्प्युटर या वृत्तस्थळाकडे हल्ल्याची जबाबदारी घेतो. आणि तिथे उरलेलं अर्धं कारण बाहेर येतं : दोन्ही कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये ग्राहकांच्या मोडेमचा पोर्ट ७५४७ जगातल्या कुणालाही बाहेरून गाठता येत होता. हल्ल्यानंतर तो बंद करण्यात आला.

जर्मनीतल्या त्या रविवारनंतर २४० दिवस गेले होते.

शून्यानंतर : दुरुस्ती

'पासवर्ड बदला' हे सांगणं सोपं. ते करायचं तर काय करावं लागत होतं ते पाहा.

मोडेम रिसेट करायचा तर मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. त्याने मोडेम कारखान्यातून आला तसा होतो. म्हणजे व्हीपीआय, व्हीसीआय, ब्रॉडबँडचं यूजरनेम, सगळं पुसलं जातं. हे आकडे ग्राहकाकडे लिहून दिलेले नसायचे, म्हणून लोक रिसेटला घाबरायचे, आणि ती भीती बरोबर होती.

दुसरी अडचण क्रमाची. फोनची वायर लावलेली ठेवून रिसेट केला तर मोडेम पुन्हा अॅडमिन-अॅडमिन होऊन उघड्या रस्त्यावर येतो. हल्ला चालू असताना तुम्ही नवा पासवर्ड टाइप करेपर्यंत तो पुन्हा हातचा गेलेला असू शकतो. म्हणून पहिलं काम फोनची वायर काढायचं. मग रिसेट. मग लॅनच्या वायरीने कॉम्प्युटर जोडून, वायफायवरून नव्हे, आत जायचं. पासवर्ड बदलायचा. दुरून व्यवस्थापन, टेलनेट, यूपीएनपी बंद करायचं. एसीएल चालू करून बाहेरच्या बाजूने काहीही येऊ द्यायचं नाही असं सांगायचं. नवं फर्मवेअर मिळत असेल तर ते याच अवस्थेत चढवायचं. आणि हे सगळं झाल्यावर मगच फोनची वायर लावायची.

फर्मवेअर चढवताना चिठ्ठीवरचं मॉडेल आणि त्यापुढचं हार्डवेअर व्हर्जन दोन्ही जुळायला हवं. एकाच नावाच्या मोडेमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत आतली चिपच वेगळी असते. चुकीची फाइल चढवली तर ब्रिकरबॉटने केलं असतं तेच आपण आपल्या हाताने करतो. फाइल कंपनीच्याच ठिकाणाहून घ्यायची. आणि हे काम इन्व्हर्टरवर करायचं. त्या तीन-चार मिनिटांत चिप पुसून पुन्हा लिहिली जात असते. मध्येच वीज गेली तर उठणं नाही. जुलैच्या पावसात, वारा सुटला की वीज जाणाऱ्या भागात, ही बारीकसारीक काळजी नव्हे.

ज्यांच्या चिपवरचं फर्मवेअर शाबूत होतं त्यांचे मोडेम या क्रमाने परत उभे राहू शकत होते. ज्यांचं पुसलं गेलं त्यांना नवा घेण्यावाचून इलाज नव्हता. आता सांगा, यातलं किती काम सत्तरीच्या आजींनी एकट्याने करायचं होतं? आणि एसीएलचं पान ज्या फर्मवेअरमध्ये नीट चालतच नाही, त्याचं काय करायचं होतं?

१० डिसेंबर २०१७

जॅनिटरने निवृत्ती जाहीर केली. एक कोटीहून अधिक उपकरणं मारल्याचा त्याचा दावा होता. त्याच आठवड्यात मिराई लिहिणाऱ्या तीन अमेरिकी तरुणांनी न्यायालयात दिलेली गुन्ह्याची कबुली उघड झाली.

मे २०१८

सिस्कोच्या टॅलोस विभागाने ५४ देशांतल्या किमान पाच लाख राउटरमध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर शोधला. मिराई रीबूटने जायचा, याचा पहिला टप्पा मात्र रीबूटनंतरही टिकून राहायचा. एफबीआयने तरीही लोकांना राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, कारण वरचे टप्पे त्याने झडायचे. अर्धा मिनिट स्विच बंद ठेवण्याचा उपाय इथे अपुरा पडू लागला.

१ जानेवारी २०२० आणि २९ एप्रिल २०२४

पहिल्या तारखेपासून कॅलिफोर्नियात आणि दुसऱ्या तारखेपासून ब्रिटनमध्ये, सगळ्या डब्यांना सारखाच पासवर्ड घालून उपकरण विकणं बेकायदा ठरलं. ब्रिटनच्या कायद्यात आणखी एक कलम आहे : सुरक्षेचे अपडेट कुठवर देणार, तो काळ उत्पादकाने आधीच जाहीर करायचा. म्हणजे २८ जुलैच्या त्या निवेदनाने जे ओझं ग्राहकाच्या डोक्यावर दिलं होतं, ते या दोन कायद्यांनी कारखान्याच्या डोक्यावर ठेवलं. माझ्या मते ते तिथेच असायला हवं होतं, आणि पोर्ट ७५४७ चं ओझं टेलिफोन कंपनीच्या.

आता सीमाभागातही फायबर आलं आहे. एडीएसएलचे ते मोडेम माळ्यावर गेले आणि त्यांच्या जागी भिंतीला ओएनटी, म्हणजे फायबरचा मोडेम, लागला. तोही दुरूनच चालवला जातो, त्याच जातीच्या व्यवस्थेने. बसवायला येणाऱ्या पोराला तीन गोष्टी विचारता येतात. मोडेमच्या स्वतःच्या पानाचा पासवर्ड काय आणि तो मी बदलू शकतो का? दुरून व्यवस्थापनाचा पोर्ट तुमच्या कंपनीखेरीज बाहेर कुणाला दिसतो का? या डब्यातलं फर्मवेअर कुठल्या तारखेचं आहे? पहिल्याचं उत्तर त्याच्याकडे असतं. उरलेल्या दोन्हींसाठी कस्टमर केअरला लेखी तक्रार करावी लागते; ती करावी आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवावा.